कडू बिअर, गोड ऊस आणि चवीचा भाव



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि खताचे हप्ते याखेरीज फारसे काही लिहीत नाही. आज मात्र बिअरवर लिहिणार आहोत. शेतकी खात्याला हे काय सुचलं, असं काही जण म्हणतील. म्हणू द्यावे. शेवटपर्यंत वाचावे आणि मग रागवायचे तर रागवावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. दारूने आपल्या खेड्यापाड्यांत किती संसार मोडले, हे आम्ही प्लॉट पाहणीच्या निमित्ताने घरोघर जाताना पाहिलेले आहे. जो पीत नाही त्याने पिऊ नये, त्याचे काहीही अडलेले नाही. जो पितो त्याने हा लेख परवाना समजू नये. आम्ही स्वतः वर्षातून दोन-तीन वेळा, कामानिमित्त पुण्याला गेलो तर, चवीपुरता एखादा पेला घेतो. परंतु त्या पेल्यात आम्हांला आमच्याच धंद्याच्या चार गोष्टी दिसल्या, आणि त्या ऊस पिकवणाऱ्या माणसाला कळल्या पाहिजेत असे वाटले, म्हणून हा खटाटोप.

तसा हा विषय आपल्याला परका नाही. मळीपासून मद्यार्क करणारे आपले साखर कारखानेच. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखरेच्या जोडीला मद्यार्काचे तंत्रही शिकवतात. आणि ज्या सूक्ष्म जीवाच्या जोरावर हे सगळे चालते, त्या यीस्टचे शास्त्रीय नावच ‘सॅकॅरोमायसिस’, म्हणजे साखरेवर जगणारी बुरशी. आपल्या उसाचे शास्त्रीय नाव ‘सॅकॅरम’. दोघांचं घराणं वेगळं, पण नाव पडलं ते साखरेवरूनच.

बिअर होते कशी?

बार्ली म्हणजे आपला सातू, कोणी जव म्हणतात. तो भिजवायचा, मटकीला आणतो तसे मोड आणायचे, मग सुकवायचा. मोड आले की दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की ती पिठाची साखर करतात. हे धान्य भरडून ऊन पाण्यात ठेवले की गोड रस उतरतो. तो हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचा, त्यानं कडवटपणा आणि वास येतो. गार झाला की यीस्ट घालायचे. यीस्ट साखर खाते, तिचा मद्यार्क आणि वायू करते. झाली बिअर.

आता गंमत पाहा. हा गोड रस किती गोड आहे हे बिअरवाला ज्या मापाने मोजतो, त्याला तो ‘प्लेटो’ म्हणतो, आणि आम्ही उसाचा रस मोजतो त्याला ‘ब्रिक्स’ म्हणतो. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. आमच्या खिशातला हातातला रिफ्रॅक्टोमीटर त्याच्याही खिशात असतो. साध्या बिअरचा रस सुमारे 12 भरतो. आपला पक्व ऊस 20 च्या आसपास जातो. म्हणजे त्याला धान्याला मोड आणून, भरडून, तासन्‌तास ऊन पाण्यात ठेवून जी गोडी मिळते, त्याहून जास्त गोडी आपल्या कांडीत उभ्या पिकातच भरलेली असते. मग भाव कोणाला जास्त? इथंच तर खरी मेख आहे.

आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या आठवावा. काहिलीतला रस केव्हा उतरवायचा हे तो फेसाच्या रंगावरून आणि वासावरून सांगतो. रस निवळायला आपण भेंडीचा चिकट रस घालतो. बिअरवाले त्याच कामासाठी समुद्रातले शेवाळ घालतात. त्यांच्याकडचा जो मुख्य कारागीर, तो म्हणजे त्यांचा गुळव्याच. अशा कारागिराच्या हाताखाली, लहान प्रमाणावर, चवीकडे लक्ष देऊन केलेल्या बिअरला आज ‘क्राफ्ट बिअर’ म्हणतात. महाराष्ट्रात ही लाट 2009 मध्ये पुण्याच्या ‘डूलाली’ने आणली, आणि पुढे पुण्या-मुंबईत ती पसरली.

केळी नसलेला केळीचा वास

आम्ही पहिल्यांदा जी चाखली ती गव्हाची बिअर होती, जर्मन पद्धतीची. रंगाने गढूळ, वर जाड फेस. पेला नाकाजवळ नेला आणि आम्ही थबकलोच. केळी! रावेर-यावलकडच्या केळी पिकवायच्या वखारीचं दार उघडल्यावर येतो तोच वास, आणि मागून थोडा लवंगेचा. आम्ही विचारले, यात केळी घातली आहेत काय? कारागीर हसला. एकही नाही. हा वास त्या जातीच्या यीस्टचा. पिकत्या केळ्यात जो वासाचा घटक तयार होतो, तोच ही यीस्ट रसात तयार करते. रस तोच ठेवून यीस्ट बदलली की वास गेला.

हे ऐकून आम्हांला वाटले की आपण जळगावची माणसं, केळीचा वास आपल्याला जगाने शिकवायची गरज नाही. पण तो पैशांत कसा मोजायचा हे मात्र शिकावं लागेल. पूर्व आफ्रिकेत, युगांडा आणि रवांडाकडे, शेतकरी घरोघर पिकल्या केळ्यांचा रस काढतात, त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ घालतात आणि त्याची बिअर करतात. केळी आणि ज्वारी! आमच्या दोन्ही पिकांची नावं एकाच मडक्यात. नायजेरियाने 1988 मध्ये परदेशी बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या बिअर कारखान्यांना ज्वारीकडेच वळावे लागले. ज्वारीला ते जमले. तापीकाठच्या दादर ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला ज्वारीच्या गुणांबद्दल वेगळं सांगायला नको.

चवी बदलतात कशा?

बिअरची चव एकच कधी नव्हती. अठराव्या शतकात लंडनचे हमाल काळी, करपट चवीची बिअर पीत, तिचं नावच हमालांवरून ‘पोर्टर’ पडलं. पुढे हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी फिकट आणि हॉप्स जास्त घातलेली बिअर जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येऊ लागली. तिला ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडलं. नाव आपलं, माल त्यांचा, आणि नफाही त्यांचा.

परंतु सहकारी सभासदांनी जी गोष्ट मनावर कोरून ठेवावी ती पिल्सेन गावची. आजच्या चेक देशातलं हे गाव. तिथे बिअर करण्याचा हक्क गावातल्या ठराविक घरांना पिढीजात होता. माल एका दर्जाचा होत नसे. 1838 मध्ये बिघडलेल्या बिअरची 36 पिंपं गावच्या कचेरीसमोर ओतून दिली गेली. मग या हक्कदारांनी ठरवलं की प्रत्येकानं वेगळी चूल मांडण्यापेक्षा सगळ्यांची मिळून एक चांगली ब्रुअरी काढू. बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. 1842 च्या ऑक्टोबरात पहिली सोनेरी, स्वच्छ, कडसर बिअर उतरली. आज जगात जी पिवळी, थंडगार बिअर सर्वांत जास्त विकली जाते, ती बहुतेक त्याच पिल्सेनरची नक्कल आहे.

म्हणजे जगाची चव बदलली ती भागधारकांच्या सामायिक कारखान्याने! सहकार आला की माल सपक होतो, असे जे म्हणतात त्यांना हे उत्तर आहे. हक्कदारांनी एकत्र येऊन आधी दर्जा सुधारला, म्हणून नाव झालं. त्या नावाचं पुढे काय झालं तेही ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर ती ब्रुअरी सरकारजमा झाली. नंतर खासगी झाली. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीकडे गेली, 2017 मध्ये जपानच्या. पेल्यावरचं गावाचं नाव तेच राहिलं, हक्कदार मात्र कुठेच राहिले नाहीत. खानदेशात सहकारी कारखान्यांच्या चिमण्या थंड झालेल्या आणि काही कारखाने दुसऱ्यांच्या हाती गेलेले आपण डोळ्यांनी पाहिले आहेत. आम्ही जास्त काही बोलत नाही.

ही पिवळी बिअर मुरायला थंडी लागते. म्हणून जर्मनीचा कार्ल फॉन लिंडे याने आपलं पहिलं थंडावा देणारं यंत्र 1873 मध्ये म्युनिकच्या एका ब्रुअरीत बसवून पाहिलं. आज आपली केळी ज्या शीतगृहात आणि ज्या गार कंटेनरमध्ये जातात, त्या विद्येचा एक धागा असा बिअरपर्यंत पोचतो.

यंत्रं आली, रेल्वे आली, मोठ्यांनी लहानांना गिळलं. विसाव्या शतकात जिकडेतिकडे एकाच चवीची बिअर झाली. अमेरिकेत 1970 नंतरच्या दशकाअखेर ब्रुअरींची संख्या शंभराच्या आत आली. मग लोक कंटाळले. इंग्लंडात 1971 मध्ये चार मित्रांनी जुन्या पद्धतीची बिअर टिकावी म्हणून चळवळ सुरू केली. अमेरिकेत 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. घरी करता करता काही जण धंद्यात उतरले. केन ग्रॉसमन नावाच्या तरुणाने तर मोडीत निघालेल्या दूध डेअरीची भांडी गोळा केली आणि 1980 मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिएरा नेव्हाडा’ची बिअर काढली. शंभराच्या आत आलेली संख्या आज नऊ हजारांवर गेलेली आहे.

या ग्रॉसमनने जे हॉप्स वापरले त्या जातीचं नाव ‘कॅस्केड’. ती जात ओरेगॉनच्या सरकारी संशोधन केंद्रात पैदास करून 1972 मध्ये प्रसारित झाली. आपल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून जाती निघतात, अगदी तशीच. फरक पुढे आहे. बिअरच्या बाटलीवर ‘कॅस्केड’ छापलं गेलं. पिणारा नाव घेऊन मागू लागला. जातीला नाव मिळालं, नावाला भाव मिळाला, आणि तो भाव थोडाफार वेल लावणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत गेला. 2007 मध्ये पाडेगावने फुले 265 दिला. चोपण जमिनीतही तग धरणारा, भरघोस टनेज देणारा ऊस. आपण त्याच्यावर घरं बांधली. पण चहात साखर घालणाऱ्या एकाही माणसाला फुले 265 ठाऊक आहे काय? को 86032 ठाऊक आहे काय? पोत्यावर काय छापतात? एस-30 आणि एम-30. म्हणजे दाण्याचा आकार आणि रंग. शेताचं नाव नाही, जातीचं नाव नाही, पिकवणाऱ्याचं तर नाहीच.

अमेरिकेतल्या 2023 सालच्या आकड्यांवरून एक हिशेब सांगतो. लहान ब्रुअरींचा माल एकूण बिअरच्या सुमारे 13 टक्के, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून त्यांना गेलेला पैसा एकूणाच्या सुमारे 25 टक्के. माल आठव्या हिश्श्याइतका, पैसा चौथ्या हिश्श्याइतका. ही किमया फक्त कडूपणाची नव्हे, ती नावाची आहे.

नाण्याची दुसरी बाजू

आमची तारीफ ऐकून कोणी वाहवत जाऊ नये, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चवीची फॅशन असते आणि फॅशन फिरते. आधी कडूपणाची शर्यत लागली. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा कडू करायची. मग लोकांना गढूळ, फळांच्या वासाची आवडू लागली. मग आंबट आली. आपल्याकडच्या कारागिरांनी आंबा, जांभूळ आणि कोकमही घालून पाहिले. आता कमी मद्यार्काची किंवा बिनमद्यार्काची मागतात. आमचे मत विचाराल तर अति कडू बिअर हे पेय नसून पैज आहे, आणि फळांचा फार मारा झाला की ते सरबत होतं. आमच्या मते गव्हाची साधी आणि पिल्सेनरची स्वच्छ, या दोनच चवी टिकाऊ. पण बाजार आमचं मत विचारत नाही.

म्हणून 2024 मध्ये अमेरिकेत नव्या उघडणाऱ्यांपेक्षा बंद पडणाऱ्या लहान ब्रुअरी जास्त निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोची ‘अँकर’ ही 1896 सालची ब्रुअरी. 1965 मध्ये बुडता बुडता फ्रिट्झ मेटॅग याने तिला वाचवली आणि ती या सगळ्या चळवळीची आई ठरली. पुढे ती मोठ्या कंपनीकडे गेली आणि 2023 मध्ये तिला टाळं लागलं. नुसतं नाव पुरत नाही, हिशेबही लागतो. आणि बिअरचा हंगाम चुकला तर नवा घाण महिन्याभरात होतो. उसाचा हंगाम चुकला तर वर्ष जातं.

मग आपण काय घ्यायचं?

आमचं म्हणणं कारखान्यानं ब्रुअरी काढावी असं मुळीच नाही. बार्ली उत्तरेकडे पिकते, आणि आपल्या देशात हॉप्स पिकतात ते हिमाचलातल्या लाहौलसारख्या थंड खोऱ्यात. आपल्या 45 अंशांच्या उन्हात ते जगायचे नाहीत. मुद्दा वेगळा आहे. चवीला आणि गुणाला नाव मिळाल्याशिवाय पिकवणाऱ्याला भाव मिळत नाही, हा तो मुद्दा. आपल्या भागातच पाहा. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये मिळालं. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये मिळालं, आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला देशी दारूच्या यादीतून उचलून वारशाच्या पेयाचा मान दिला. काजू तोच, भट्टी तीच, मान बदलला. आपल्या उसाला मात्र अजून नाव नाही.

उसाचा दर पाहा. 2025-26 च्या हंगामाचा रास्त आणि किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. उतारा वाढला तर दर वाढतो. पण हा उतारा कोणाचा? कारखान्याचा, म्हणजे सगळ्यांचा सरासरी. ज्या सभासदानं वेळेवर पाणी तोडलं, नत्राचा मारा केला नाही, पक्व ऊस दिला, त्याचा 20 ब्रिक्सचा ऊस आणि शेजाऱ्याचा कोवळा, 16 ब्रिक्सचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो. दोघांना दर एकच. मग कष्टानं गोडी भरणाऱ्यानं ती का भरावी? “साहेब, वजन भरायचं का गोडी भरायची?” असं एका सभासदानं आम्हांला बांधावर विचारलं होतं. प्रश्न अगदी रास्त आहे.

याला जगात उत्तरं आहेत. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर तपासून त्यावर पैसे देतात. ब्राझीलमध्येही उसातल्या एकूण साखरेवर दर ठरतो. त्यांची शेतं मोठी, एकाच शेताचा ऊस सलग येतो, म्हणून त्यांना ते सोपं. आपल्याकडे एकर-दोन एकरांचे प्लॉट, हजारो सभासद, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर एकमेकांत मिसळलेले. गाडीगणिक तपासणी करायची म्हटलं तर खर्च आहे, वादही आहेत. कोणाचा नमुना कोणी काढला, यावरून भांडणं होतील. हे सगळं आम्हांला दिसतं. म्हणून एकदम उडी मारा असं आम्ही म्हणत नाही. पण चार गोष्टी आजच करता येतील.

एक, तोडणीआधी प्रत्येक प्लॉटचा शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स घ्यावा आणि तो आकडा सभासदाला चिठ्ठीवर लिहून द्यावा. शेंडा आणि बुडखा यांतला फरक कमी झाला की ऊस पक्व झाला, हे सभासदालाच कळावं. त्याला स्वतःचा आकडा माहीत असणं हाच पहिला हक्क आहे.

दोन, तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेबरोबर पक्वतेवरही ठरावा. वशिल्यावर नव्हे.

तीन, वार्षिक सभेत आपण एकरी सर्वांत जास्त टन काढणाऱ्याला फेटा बांधतो. बांधावाच. त्याच्या शेजारी सर्वांत जास्त ब्रिक्स देणाऱ्यालाही एक फेटा बांधावा. शंभर टनाची बढाई सगळे मारतात, गोडीची बढाईही कानावर येऊ द्या.

चार, तोडलेला ऊस शिळा होऊ देऊ नये. ताज्या हॉप्सची बिअर जशी दिवसागणिक उतरते, तसाच आपला ऊस. मार्च-एप्रिलच्या उन्हात तोडून पडलेल्या उसातली साखर तासातासाला फुटत जाते. तोडणी ते गाळप चोवीस तासांत व्हावं, यात सभासद, टोळी, वाहतूकदार आणि आमचं शेतकी खातं, सगळ्यांचीच जबाबदारी आहे.

आणि जे सभासद घरगुती गूळ किंवा काकवी करतात, त्यांच्यासाठी एक सूचना. कारखान्याच्या पत्रकात गुऱ्हाळाची भलामण बरी दिसत नाही हे खरं, तरीही सांगतो. डब्यावर नुसतं ‘शुद्ध गूळ’ लिहू नका. गावाचं नाव लिहा, उसाची जात लिहा, लागण की खोडवा ते लिहा, तारीख लिहा. दोन जातींचे गूळ शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला चाखू द्या. फरक त्याच्या जिभेला कळतो, पण त्याला तो कोणी आजवर दाखवलेलाच नाही. बिअरवाल्यांनी पिणाऱ्याच्या जिभेला शिकवलं, म्हणून त्यांचा पेला महाग विकला गेला.

पिल्सेनच्या हक्कदारांनी आधी आपला खराब माल चारचौघांत ओतून दिला, मग एकत्र येऊन चांगला केला. आपला एकत्र येण्याचा भाग पूर्वजांनी करून ठेवलेला आहे. सभासदाच्या शेतातल्या गोडीला नाव देण्याचा भाग उरला आहे. येत्या सभेत हा विषय कोणीतरी मांडावा. चिठ्ठ्यांची आणि रिफ्रॅक्टोमीटरची तयारी शेतकी खात्याकडून आम्ही ठेवतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी